सायकलींचा पट

त्या वर्षी मोहदरीत शंकरपट भरला नाही. घाटंजीपासून तीन कोसांवरचं हे गाव. संक्रांतीनंतरच्या रविवारी इथं बैलजोड्या पळायच्या आणि बघायला कळंबपासून माणसं यायची. पण दोन वर्षं कापसाला भाव नव्हता. गावातल्या निम्म्या जोड्या बाजारात गेल्या होत्या. पट कमिटीचे मारोतराव, ज्यांच्या जोडीनं एकेकाळी चार गावांचे पट मारले होते, ते मंदिराच्या पारावर म्हणाले, "बैल नाही तं माणसं पळवू. सायकली तं हायेत ना घरोघरी?"

लोक हसले. पण घाटंजीच्या एका बियाणेवाल्यानं पहिल्या नंबराला नवी कोरी सायकल जाहीर केली आणि हसणं थांबलं. रस्ता ठरला. मैदानातून निघायचं, कापसाच्या, पऱ्हाटीच्या वावरांतून बांधाबांधानं, धुऱ्याधुऱ्यानं नाल्यावर यायचं, सायकल खांद्यावर मारून नाला ओलांडायचा, महादेवाची टेकडी चढायची, पलीकडून उतरायचं आणि गावाला वळसा घालून परत मैदानात. असे चार फेरे.

ही बातमी घाटंजीत आसिमच्या दुकानात पोचली तेव्हा तो एका चाकाचे आरे ताणत होता. बाजाराच्या तोंडाशी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. मूळचं ते अब्बांचं, गफ्फार मिस्त्रींचं. अब्बा सत्तरीला आले होते, तरी रोज सकाळी दुकानात बसायचे आणि जुनी गिऱ्हाइकं अजून त्यांनाच उस्ताद म्हणायची. त्या दोन वर्षांत कितीतरी जणांच्या मोटरसायकली अंगणात झाकून पडल्या होत्या आणि आढ्याला टांगलेल्या सायकली खाली उतरल्या होत्या. आसिमला कामाला तोटा नव्हता. शर्यतीत उतरायचं त्यानं लगेच ठरवलं. एका भंगारातल्या फ्रेमवर त्यानं स्वतः सायकल जुळवली: मडगार्ड नाही, कॅरियर नाही, जाड टायर, रुंद हँडल. वजन इतकं कमी की एका हातानं उचलावी.

अडचण एवढीच होती की शर्यतीत उतरणारे बहुतेकजण आपापल्या सायकली त्याच्याकडेच दुरुस्तीला आणत होते.

पियुषनंही आणली. मोहदरीच्या रामरावांचा हा मुलगा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. मामानं नागपुराहून दिलेली गिअरची सायकल होती त्याच्याकडे, तालुक्यात तशी दुसरी नव्हती. "ब्रेक नीट पाहून दे, आसिमभाऊ," तो म्हणाला. "टेकडीच्या उतारावर खाली रामलालच्या वावराचं काटेरी कुंपण हाये."

आसिमनं ब्रेकची तार मोकळी केली, वंगण दिलं, पुन्हा लावली. तार धरून ठेवणारा बोल्ट आवळताना मात्र त्याचा पाना क्षणभर थांबला. अर्धा फेरा कमी दिला तर? सपाटीवर काही कळणार नाही. तिसऱ्या-चौथ्या उताराला तार सरकेल. कोणाला समजणार? मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्यानं बोल्ट गरजेपेक्षा जास्तच आवळला. पण तो विचार मनात येऊन गेला तो गेलाच. त्या दिवसापासून त्याला वाटू लागलं, आपल्या मनात जे आलं ते दुसऱ्याच्याही येत असेल.

रविवारी सकाळी तो आपल्याच सायकलीवरून डांबरी रस्त्यानं मोहदरीला आला. अकरा सायकली पाराजवळ रांगेत उभ्या केल्या गेल्या आणि मारोतरावांनी सगळ्यांना ओट्यावर चहाला बोलावलं. आसिमला सायकल सोडून जायची इच्छा नव्हती, पण एकटंच थांबलं तर लोक काय म्हणतील म्हणून तो गेला. घशाखाली चहा ओतला आणि सगळ्यांच्या आधी उठून परत आला.

रांगेजवळ पियुष उकिडवा बसला होता.

आसिमला पाहताच तो झटकन उभा राहिला. "लवकर आला, भाऊ?"

"तू बी लवकरच आला दिसते."

"हो ना," पियुष म्हणाला आणि पँटला हात पुसत निघून गेला.

त्याची सायकल आसिमच्या सायकलीला लागून होती. आसिमनं हवा दाबून पाहिली, चेन फिरवून पाहिली, ब्रेक मारून पाहिले. सगळं ठीक होतं. तरी पियुषनं पुसलेले हात त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात.

शर्यत सुटली. पहिला फेरा आसिमनं पुढून काढला. धुऱ्यावरची ढेकळं हाडं खिळखिळी करत होती, पऱ्हाटीचे फाटे पोटऱ्यांना ओरबाडत होते. नाल्यात गुडघाभर चिखल. त्याची हलकी सायकल खांद्यावर असून नसल्यासारखी होती. टेकडी त्यानं पळत चढली. दुसऱ्या फेऱ्यात बाभळीच्या काट्यांनी तिघांना घरी बसवलं. पुढं फक्त तो, मागं पन्नास पावलांवर पियुष, आणि बाकीचे पार लांब.

नाला दिसू लागला तेव्हा डाव्या पायाखाली काहीतरी कट्ट झालं. पुढच्या दाबाला पायडल खाली लोंबकळलं आणि पाय सरळ जमिनीवर आला. आसिम पडता पडता वाचला. पायडलचा दांडा आसावर धरून ठेवते ती लोखंडी खुंटी, कॉटर म्हणतात तिला, ती गायब होती. तिचं नटही गायब. त्यानं मागं वळून पाहिलं. सगळा धुरा ढेकळांचा, कुठं शोधणार?

कॉटर त्यानं काल संध्याकाळी स्वतः नवं टाकलं होतं. हातोडीनं ठोकून, पान्यानं नट आवळून. असं आवळलेलं नट आपोआप सुटत नाही.

पियुष बाजूनं निघून गेला. "काय झालं बे?" असं जाता जाता ओरडला, पण थांबला नाही.

आसिम सायकल ढकलत नाल्याच्या काठी आला. तिथं गावातली पंचवीस-तीस माणसं उभी होती. कुणी हळहळलं, कुणी हसलं. "मिस्त्रीचीच सायकल मोडली न गा!" तो शब्द त्याला चिखलापेक्षा जड वाटला. तेवढ्यात गर्दीतून एक मुलगी पुढं आली. हातात निळी लेडीज सायकल, पुढं जाळीची टोपली.

"घ्या भाऊ, माही घेऊन जा."

आसिमनं ओळखलं. ती निकिता होती, पियुषची धाकटी बहीण. ती घाटंजीच्या कॉलेजला येताना-जाताना दिसायची.

"तू पियुषची बहीण ना?"

"हो. मंग?"

"मले कायले देते?"

"घ्याची असन तं घ्या," निकिता म्हणाली. "नाही तं मी चालली घरी."

कमिटीचा माणूस काठावरच होता. सायकल बदलायला हरकत नाही, त्यानं सांगितलं, फक्त फेरा जिथं तुटला तिथूनच सुरू करायचा. आसिमनं त्या निळ्या सायकलीकडे पाहिलं. भावाचा नंबर जाऊ द्यायला कोण बहीण सायकल देते? त्यानं हँडल हलवलं, पुढचं चाक उचलून फिरवलं, सीट दाबली. लोक ओरडायला लागले, "अरे पोरगी पाहाले आला काय? बस लवकर!" निकितानं त्या बोलणाऱ्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. आसिम बसला.

नाल्यात उतरताच पहिली पंचाईत झाली. लेडीज सायकलीला आडवी दांडी नसते; ती खांद्यावर अडकतच नाही. त्यानं ती लेकरासारखी कडेवर घेतली, टोपली छातीला खुपत होती, आणि तसाच चिखल तुडवत पार झाला. टेकडी चढला. वरून उतार दिसला, दगडगोट्यांची वाट आणि तळाशी ते काटेरी कुंपण, आणि त्याचे पाय थबकले. हिचे ब्रेक? नट आपलं काढलं गेलं, सायकल दुसरी दिली गेली, आणि दोन्ही एकाच घरातून. तो उतरला. सायकल हातात धरून पायी खाली गेला. सपाटीवर ब्रेक दाबून पाहिला. लागला. तरी एकदा लागला म्हणजे पुढं लागेलच असं नाही.

तिसरा फेरा त्यानं कान टवकारून काढला. टोपली खडखडली तरी त्याला वाटे, आता काहीतरी सुटणार. चेनमधून कुर्रर्र आवाज आला तेव्हा तो चक्क थांबला आणि चेनमधली पऱ्हाटीची काडी काढून पुन्हा निघाला. सायकल मात्र साधीसुधी, शहाण्यासारखी पळत होती. इतकी नीट की तेवढ्यानंही त्याला शंका यावी.

आणि नवल म्हणजे पियुष फार लांब गेलेला नव्हता. गिअरची सायकल, ताजा गडी, आणि तरी अंतर कमी होत होतं. सपाटीवर पियुष दिसेनासा व्हायचा, पण टेकडीपलीकडं गेलं की पुन्हा समोर. आसिमला त्याचा अर्थ लागेना. मुद्दाम थांबतो की काय? मला जवळ येऊ देऊन काय करायचं आहे त्याला?

चौथ्या फेऱ्याला तो टेकडीच्या माथ्यावर आला आणि त्याला कळलं. पियुष महादेवाच्या देवळाजवळ सायकलीवरून उतरला होता आणि गिअरची सायकल हातात धरून पायी उतार उतरायच्या बेतात होता.

"काहून उतरला बे?" आसिम ओरडला. "ब्रेक बरोबर हायेत तुये! म्या लावले हायेत!"

"म्हणूनच उतरलो!" पियुषही ओरडला.

दोघं दहा पावलांवर उभे राहिले. दोघांच्याही तोंडावर चिखल, दोघांनाही धाप.

"माह्यावर शक घेतो?" आसिम म्हणाला. "अन् माहं नट कोणं काढलं? पाराजवळ तूच बसला होता ना सायकलीपाशी?"

"मी माहे ब्रेक पाहून राह्यलो होतो! तू काही करून ठेवलं असन म्हणून!"

"खोटं बोलून राह्यला तू."

"तू मंग काहून उभा? माह्या बहिणीची सायकल हाये ना? जा ना खाली बसून!"

आसिम निघाला नाही, पियुषही निघाला नाही. दोघांनाही पुढं जाऊन दुसऱ्याला पाठीमागं ठेवायचं नव्हतं. तेवढ्यात मागून डबड्यांच्या कड्या वाजल्या. बंजारा तांड्यावरचा रामलाल, शर्यतीत आतापर्यंत मागं राहिलेला, रोज दोन गावांना दूध घालणारा पन्नाशीचा माणूस, आपली अवजड काळी सायकल ढकलत वर आला. दोघांकडे पाहिलं, "सरका गा बाजूले" म्हणाला आणि बसून सुटला. त्याच्या सायकलीला ब्रेक नव्हतेच. चपलेचा तळवा पुढच्या टायरवर दाबत, धूळ उडवत तो आपल्याच वावराच्या कुंपणाला वळसा घालून दिसेनासा झाला.

नवी सायकल रामलालला मिळाली. मैदानात लोक त्याला खांद्यावर घेत होते तेव्हा आसिम आणि पियुष एकमेकांपासून लांब उभे होते. दुसरा कोण आणि तिसरा कोण हे नीट कुणी पाहिलंही नव्हतं. मारोतरावांनी नारळ देताना आसिमला विचारलं, "काय झालतं गा मिस्त्री, सायकलीले?" आणि आसिमच्या तोंडून ते निघून गेलं.

"झालं नाही, केलं कोणीतरी. माहं नट काढलं गेलं. पियुषले विचारा."

रामराव गर्दीत मागं उभे होते. ते पुढं आले, मुलाला हाताला धरून महादेवाच्या टेकडीकडे तोंड करून उभं केलं. "हात लावला होता का त्याच्या सायकलीले?"

"नाही, बाबा."

"देवाकडे पाहून सांग."

"नाही लावला."

धोतराचा सोगा सावरून रामराव घराकडे चालू लागले. लोकांनी मात्र पियुषकडे ज्या नजरेनं पाहिलं ती आसिमला दिसली, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. निळी सायकल परत करायला गेला तेव्हा निकिता म्हणाली, "मले माहीत होतं असंच होईन. तुम्ही तेथीच राह्यले असते अन् दादा जिंकला असता, तं जनमभर म्हणाले असते लोकं, त्यानंच काहीतरी केलं. म्हणून देली होती सायकल. काही उपेग झाला नाही." तिनं हँडल हिसकून घेतलं आणि गेली.

मोडकी सायकल टेम्पोत टाकून तो उन्हं कलताना घाटंजीला पोचला. दुकान उघडंच होतं. पायडलचा दांडा बसवावा म्हणून त्यानं सुट्या भागांचा पत्र्याचा डबा पुढं ओढला. वरच एक नवं कोरं कॉटर पडलं होतं, नटासकट. त्याच्या पाठीवर हातोडीचा तिरका वार होता. काल संध्याकाळी त्याच्याच हातानं बसलेला.

घरात बापलेक हिंदीतच बोलत. अब्बा आतून आले तेव्हा त्यानं विचारलं, "अब्बा, ये कॉटर यहाँ कैसे आया?"

"वो? नरम लोहे का था," गफ्फार मिस्त्री म्हणाले. "मैंने सुबू अपना पुराना डाल दिया. पक्का माल है, अब नहीं मिलता वैसा. तुझे बोला नहीं, सो रहा था तू."

"पाना मारा था उसको?"

अब्बांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हाथ से कसा था... फिर अजान हुई..." पुढचं त्यांना आठवेना. "मारा होगा. क्यों? जीता क्या तू?"

"नहीं अब्बा. दूधवाला जीता."

"काँटा लगा?"

"हाँ," आसिम म्हणाला. "काँटा लगा."

ती रात्र त्यानं कूस बदलत काढली आणि दिवस उजाडताच मोहदरी गाठली. मारोतरावांच्या ओट्यावर सकाळची बैठक भरलेली होती. त्यानं रामराव आणि पियुषला बोलावून घ्यायला सांगितलं. दोघं आले, आणि कुणी बोलावलं नव्हतं तरी निकिताही भिंतीला टेकून उभी राहिली.

"माही चूक झाली," आसिम म्हणाला. वाटेत त्यानं वाक्यं जुळवून ठेवली होती, ती आता सुटी सुटी येत होती. "पियुषनं काही केलं नाही. कॉटर म्या बदललं होतं सकाळी. नट हातानंच लावलं. पाना माराचा राहून गेला. काल घरी गेल्यावर ध्यानात आलं."

मग ओट्यावरचा एकजण हसला. "सोताच्या सायकलीचं नट इसरला? मंग आमच्या सायकलीचं काय करत असशीन गा?" दुसरा हळूच म्हणाला, "रामरावनं पाठवलं असन कोणाले तरी रातून." ते रामरावांनीही ऐकलं. त्यांचा चेहरा कालच्यापेक्षा वाईट झाला.

"मी कोणाले पाठवलं नाही," ते म्हणाले.

"मले कोणी पाठवलं नाही, काका," आसिम म्हणाला. "म्या आपल्या मनानं आलो."

मारोतरावांनी तंबाखू मळत दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "ठीक हाये. झालं गेलं," ते म्हणाले, पण कुणाचं खरं मानलं ते काही बोलले नाहीत.

आसिम सायकलीला टांग मारणार तोच पियुष मागून आला. गावाच्या शिवेपर्यंत तो सोबत चालला. मग थांबला.

"तू इसरणारा माणूस नाहीस," तो म्हणाला. "माहे ब्रेक म्या काल घरी उघडून पाह्यले. बोल्ट एवढा आवळला होता का माह्यानं सुटला नाही. ज्यानं माहा बोल्ट असा आवळला तो सोताचं नट सैल ठेवन?"

"राह्यलं, बाप्पा. होते."

"कोणाले वाचवून राह्यला?"

"कोणाले नाही."

"आसिमभाऊ, इकडे पाय."

आसिमनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "कोणाले नाही म्हटलं ना," तो म्हणाला आणि निघाला. बऱ्याच वेळानं त्यानं मागं वळून पाहिलं तेव्हा पियुष तिथंच उभा होता.

त्यानंतर मोहदरीची बरीच गिऱ्हाइकं बसस्टँडजवळच्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. आसिमनं कुणाला अडवलं नाही. अब्बांना त्यातलं काही माहीत नव्हतं. ते पूर्वीसारखेच सकाळी येऊन बसत, एखादं चाक मांडीवर घेत, ट्यूबला ठिगळ लावत, येणाऱ्या-जाणाऱ्याला पीकपाणी विचारत.

दुपारच्या नमाजला ते मशिदीत गेले की आसिम उठायचा. सकाळपासून अब्बांनी हात लावलेली प्रत्येक सायकल तो बाजूला घ्यायचा आणि पान्यानं एकेक नट तपासायचा. कॉटरचं, चाकाचं, ब्रेकचं, सीटचं. पहिले काही दिवस सगळं घट्ट निघालं. त्यानं सुटकेचा श्वास टाकायला हवा होता, पण तसं झालं नाही. पाना खाली ठेवून तो रस्त्याकडे बघायचा, आणि कोपऱ्यावर पांढरी टोपी दिसली की घाईघाईनं दुसऱ्याच कामाला लागायचा.

एका गुरुवारी अब्बा लवकर परतले. आसिम एका शाळामास्तरांच्या सायकलीपाशी वाकलेला होता. तिचं मागचं चाक अब्बांनीच सकाळी बसवलं होतं. पाना नटावर होता. अब्बा दारात थांबले. चप्पल काढून आपल्या जागी बसले, आणि पान्यासाठी हात पुढं करून म्हणाले, "कितना ढीला था?"

"ढीला नहीं था, अब्बा."

"सच बोल."

"सच," आसिम म्हणाला. आणि ते खरंच होतं, पण अब्बांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून त्याला कळलं की त्यांना ते पटलेलं नाही.